तिचं नाव काय होतं?

"आई, तू पर्स का उचललीस?"

मुलीने हे विचारलं तेव्हा मी रात्रीची भांडी लावत होते. दुपारी तिची वर्गमैत्रीण जीवशास्त्राच्या प्रकल्पासाठी घरी आली होती. दोघी ओट्याजवळच्या टेबलावर पुस्तकं पसरून बसल्या. माझी पर्स तिथेच होती. मी ती उचलली आणि वरच्या खोलीत नेऊन ठेवली. ती मैत्रीण कृष्णवर्णीय होती. याआधी मुलीच्या किती मैत्रिणी येऊन गेल्या, पर्स कायम तिथेच असायची.

"फोन हवा होता मला," मी म्हणाले.

"फोन तुझ्या हातात होता. आणि तिने बघितलं, आई."

ती पुढे काही बोलली नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं असं मला वाटत राहिलं. ही गोष्ट ऑक्टोबर २०२२ची. आम्ही व्हर्जिनियात, रिचमंड शहराच्या वायव्येला ग्लेन ॲलनमध्ये राहतो. आमच्यासारखी आयटीतली पुष्कळ भारतीय कुटुंबं तिथे आहेत. गणपती होतात, मुलांची मराठी शाळा भरते. स्वतःला वर्णद्वेषी म्हणवून घ्यायची वेळ माझ्यावर कधी येईल, असं तोवर मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पुढच्या मार्चमध्ये वाचनालयाच्या फलकावर एक कागद दिसला. वर्णभेदाबद्दल वेगवेगळ्या वर्णांच्या लोकांनी समोरासमोर बसून बोलायचं, सहा गुरुवार, संध्याकाळी दोन तास. मी नाव नोंदवलं. मुलीला सांगितलं नाही.

बारा खुर्च्या गोल मांडलेल्या. पाच कृष्णवर्णीय, पाच गोरे, कोरियात जन्मलेली एक तरुण मुलगी आणि मी. चर्चा चालवणाऱ्या दोघी वेगळ्या, एक कृष्णवर्णीय, एक गोरी. नियम थोडेच होते. 'मी' म्हणून बोलायचं, 'आमचे लोक' म्हणून नाही. कुणाला मध्ये तोडायचं नाही. उत्तर देण्याआधी समोरचा काय म्हणाला ते आपल्या शब्दांत त्याला सांगायचं आणि तो 'बरोबर' म्हणाला तरच आपलं बोलणं सुरू करायचं. आणि इथे ऐकलेल्या गोष्टी बाहेर न्यायच्या नाहीत. मी इथे ज्या तिघांबद्दल लिहिते आहे त्यांना विचारून लिहिते आहे. तिघांनीही नाव घालू नकोस, एवढंच सांगितलं.

तिसरा नियम सोपा वाटतो, पण मला तोच सगळ्यात जड गेला. पहिल्या गुरुवारी एक पन्नाशीचे गृहस्थ बोलले. शहर बससेवेत चालक आहेत. रात्रपाळी संपवून घरी जाताना पोलिसांनी गाडी अडवली तर दोन्ही हात स्टिअरिंगवर कसे ठेवायचे, हे त्यांनी मुलाला सोळाव्या वर्षी शिकवलं, तो दिवस ते सांगत होते. माझी पाळी आल्यावर मी त्यांचं बोलणं न सांगताच थेट माझं सुरू केलं. आम्हालाही असं होतं, विमानतळावर बाजूला काढतात, उच्चारांवरून बोलतात, एका वरिष्ठाने मला ग्राहकांच्या बैठकीतून वगळलं होतं. सगळं खरं होतं आणि सांगताना माझा आवाजही भरून आला.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझं बोलणं नियमाप्रमाणे मला पुन्हा सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. आणि विचारलं, "तुम्ही घर घेतलंत ते त्याच भागात का?"

"तिथल्या शाळा चांगल्या आहेत म्हणून."

"शाळा चांगल्या आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं? आणि कुठे घर घेऊ नका म्हणून सांगितलं?"

मी गप्प झाले, कारण मला सगळं आठवत होतं. आम्ही इथे आलो तेव्हा ओळखीच्या मराठी मंडळींनीच बोटाने नकाशा दाखवला होता. इकडे घ्या. हायवेच्या पलीकडे नको, 'तसली' वस्ती आहे. आम्ही एकदाही पलीकडे जाऊन बघितलं नव्हतं. पुढच्या वर्षी नव्याने आलेल्या कुटुंबाला मीही तेच सांगितलं होतं, अगदी आपुलकीने.

दुसऱ्या गुरुवारी भिंतीवर एक जुना नकाशा लावला होता. १९३०च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने अमेरिकेतल्या शहरांचे असे नकाशे केले, रिचमंडचाही केला. हिरवा रंग म्हणजे कर्ज द्यायला उत्तम, लाल म्हणजे धोक्याचं. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल. जॅक्सन वॉर्ड ही त्यांची जुनी, भरभराटीची पेठ. मॅगी वॉकर या कृष्णवर्णीय बाईंनी १९०३ साली आपली बँक तिथेच काढली होती. ती पेठही लाल रंगात. मग १९५८ साली उघडलेला टोल रस्ता त्या वस्तीच्या मधूनच काढला, शेकडो घरं पाडून. आज तो आंतरराज्य महामार्ग ९५ आहे. नॉर्थ कॅरोलिनाला मैत्रिणीकडे जाताना मी कितीदा त्यावरून गेले असेन! डोंबिवलीहून ठाण्याला जावं तितक्या सहज. चाकाखाली कुणाचं माजघर होतं हे कसं कळणार?

आणखी एक गोष्ट त्या संध्याकाळी माझ्या ध्यानात आली आणि तिने मला आतून हलवलं. १९४६ ते १९६५ या काळात भारतातून वर्षाला जेमतेम शंभर जणांना इथे स्थायिक व्हायची परवानगी होती. त्याआधी तर दार बंदच होतं. ते दार उघडलं १९६५च्या कायद्याने, आणि तो कायदा आला नागरी हक्कांच्या लढ्याच्या रेट्यात, १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या पाठोपाठ. म्हणजे ज्यांनी पोलिसांच्या काठ्या झेलल्या त्यांच्यामुळे आमच्यासाठी दार उघडलं, आणि आत आल्यावर आम्ही पहिलं काय केलं तर त्यांच्या वस्तीकडे बोट दाखवून 'तिकडे नको' म्हणालो. मी हे गटात बोलले. बसचालक म्हणाले, "हं." त्या 'हं'मध्ये ना शाबासकी होती, ना माफी.

तिसऱ्या गुरुवारी एक बाई बोलल्या. वय बहात्तर, पांढरे आखूड केस, मांडीवर दोन्ही हात एकमेकांवर ठेवून बसायच्या. गाव रिचमंडपासून तास-सव्वा तासावर, प्रिन्स एडवर्ड काउंटीतलं फार्मव्हिल. त्या गावचा इतिहास इथल्या मुलांना शाळेत शिकवतात. तिथल्या कृष्णवर्णीय मुलांच्या हायस्कूलची इमारत इतकी अपुरी होती की आवारात डांबरी कागदाच्या खोपट्या बांधून वर्ग भरवायचे. १९५१ साली बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने सगळ्या शाळेला संपावर नेलं. त्यातून उभा राहिलेला खटला सर्वोच्च न्यायालयाने एकत्र ऐकलेल्या पाच खटल्यांपैकी एक झाला आणि १९५४ साली शाळांमधली वर्णानुसार फाळणी घटनाबाह्य ठरली. पण काउंटीने निकाल मानला नाही. एकत्र शाळा चालवण्यापेक्षा १९५९ साली तिने सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या. पाच वर्षं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांसाठी काउंटीने काहीच केलं नाही.

हे सगळं मी कदाचित वाचूनही समजू शकले असते. पण त्या बाई आठ वर्षांच्या होत्या तेव्हा. सप्टेंबरमध्ये आईने त्यांचा नवा फ्रॉक इस्त्री करून ठेवला होता, कारण शेवटपर्यंत आईला वाटत होतं की असं कुणी खरंच करणार नाही. थोरल्या भावाला दुसऱ्या राज्यात मावशीकडे पाठवलं. एवढ्या लहान मुलीला कुठे पाठवणार? त्या तंबाखूच्या शेतात आईबरोबर जायच्या. चर्चच्या तळघरात कुणीतरी बाई आठवड्यातून काही दिवस वाचायला शिकवायच्या. १९६४ साली न्यायालयाच्या हुकुमाने शाळा उघडल्या तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. "मला भागाकार येत नव्हता," त्या म्हणाल्या. "आजही हिशेब करताना मी कागद झाकून घेते. बँकेत. बहात्तराव्या वर्षी."

मला भागाकाराचं हे वाक्य आजही विसरता येत नाही.

गोलात एक गोरे गृहस्थ होते, त्यांच्याहून तीनचार वर्षांनी मोठे, निवृत्त. ते खाली बघत होते. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी नियमाप्रमाणे बाईंचं बोलणं परत सांगितलं. फ्रॉक, तंबाखू, तळघर, भागाकार. आवाज कापत होता. मग म्हणाले, "मी त्याच काउंटीतला. सातवीत होतो. आमची नवी शाळा पहिल्या वर्षी चर्चच्या खोल्यांमधून भरायची. आम्हाला मजा वाटायची. रस्त्यापलीकडची मुलं कुठे जातात हे मी एकदाही विचारलं नाही. माझे वडील त्या शाळेसाठी देणगी गोळा करायचे. फार प्रेमळ माणूस होते."

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमच्या शाळेचं छप्पर मला आमच्या शेतातून दिसायचं." बस, एवढंच. मी आजवर ऐकलेल्या संभाषणांत याहून खरं संभाषण मला आठवत नाही.

मधल्या शनिवारी आम्ही सगळे रिचमंडच्या शॉको बॉटम भागात चालायला गेलो. दक्षिणेकडे माणसं विकण्याचा व्यापार ज्या शहरांतून चालायचा त्यांत रिचमंड फार मोठं. मेन स्ट्रीट स्टेशनच्या जवळ, महामार्गाच्या सावलीत लम्पकिनच्या तुरुंगाची जागा आहे. विक्रीसाठी आणलेली माणसं तिथे कोंडून ठेवायचे. त्या जागेला लोक 'सैतानाचा अर्धा एकर' म्हणायचे. यादवी युद्ध संपल्यावर ती मालमत्ता मेरी लम्पकिन या बाईंकडे आली. त्या स्वतः त्या तुरुंगाच्या मालकाच्या गुलाम होत्या. त्यांनी ती जागा १८६७ साली एका पाद्र्याला भाड्याने दिली आणि तिथे मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी शाळा सुरू झाली. आजचं व्हर्जिनिया युनियन विद्यापीठ त्यातूनच वाढलं. तुरुंगाच्या खोल्यांत मुळाक्षरं गिरवली गेली! मला तिथे भिडेवाड्याची आठवण आली. सावित्रीबाई आणि जोतीराव. परत येताना मी फार्मव्हिलच्या बाईंना फुल्यांबद्दल सांगत होते आणि त्या थांबून थांबून ऐकत होत्या.

म्हणून चौथ्या गुरुवारी मी तयारी करून गेले. मनात उत्साह होता. मी सांगितलं की जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, गुलामांना मुक्त केलं म्हणून. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकले आणि १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांची आणि इथल्या कृष्णवर्णीयांची स्थिती किती सारखी आहे ते कळवलं. ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिलं. १९७२ साली मुंबईत तरुणांनी दलित पँथर काढली, इथल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव घेऊन. सगळे पुढे सरकून ऐकत होते. कुणालाच हे माहीत नव्हतं. मला वाटलं, आता धागा जुळला. आता मी बाईंच्या शेजारची.

फार्मव्हिलच्या बाईंनी माझं सगळं बोलणं नीट परत सांगितलं. मग अगदी सौम्यपणे विचारलं, "आणि या गोष्टीत तुझं घर कुठे होतं?"

मला पळून जावंसं वाटलं. कारण आमचं घर कराडजवळचं, मराठ्यांचं, वीस एकर बागायत. फुले-आंबेडकर मी पुस्तकात वाचले. त्यांनी ज्यांच्याविरुद्ध लिहिलं त्या वागण्यात मी वाढले होते. मी तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

आमच्या गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असायचा. मातंग वस्तीतली एक म्हातारी आमच्याकडे यायची, तिचा तो कप. ती अंगणात उकिडवी बसायची, कप स्वतः काढायची, स्वतः विसळायची. चहा द्यायला आजी मला पाठवायची. मी सात वर्षांची, म्हणजे १९८२ साल. चहा वरून ओतायचा, पातेल्याचा काठ कपाला लागू द्यायचा नाही, हे मला कुणी कधी बसवून शिकवलं नाही. बघून आलं. एक थेंब न सांडता ओतायचे मी. आजी कौतुक करायची. अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ साली झाला होता, माझ्या जन्माच्या वीस वर्षं आधी.

आणि हे सांगताना माझा उजवा हात आपोआप वर उचलला गेला. तो मी बघितला. पर्स उचलणारा हात तोच होता. मी ती पर्स विचार करून उचलली नव्हती. हाताला माहीत होतं.

बाईंनी विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

मला माहीत नव्हतं.

त्या रात्री गाड्या लावायच्या जागेत ते निवृत्त गृहस्थ माझ्यासाठी थांबले होते. मी म्हणाले, "माझी आजी फार मायाळू होती हो. वाटेने जाणारा उपाशी जाऊ द्यायची नाही." ते म्हणाले, "ठाऊक आहे. माझे वडीलही तसेच." आम्ही दोघं बराच वेळ तिथे उभे होतो. मी त्या गटात गेले तेव्हा मला वाटलं होतं की माझी जागा बाईंच्या बाजूला आहे, माझा रंग त्यांच्या जवळचा म्हणून. पण त्या अंधारात मला ज्याच्याशी सगळ्यात मोकळं बोलता आलं तो व्हर्जिनियाचा एक गोरा म्हातारा होता. ज्यांनी अन्याय केला त्यांच्यावर आपलं प्रेम आहे, ते प्रेम खोटं नव्हतं आणि अन्यायही खोटा नव्हता. हे ओझं कसं वाहायचं ते आम्हा दोघांनाही कळत नव्हतं, आणि ते बाईंच्या खांद्यावर द्यायचं नाही एवढं मात्र दोघांनाही कळत होतं.

हे सगळ्यांसाठी सुरळीत झालं असं नाही. बसचालक पाचव्या गुरुवारी आले नाहीत. चौथ्या दिवशी जाताना ते म्हणाले होते, "मी दर आठवड्याला इथे माझी जखम उघडी करतो, तुम्ही शिकता, घरी जाऊन झोपता. मला झोप लागत नाही." चर्चा चालवणाऱ्या दोघींनी त्यांना परत बोलावण्याचा आग्रह केला नाही. त्यांची खुर्ची मात्र गोलात ठेवली होती, रिकामी. मला ते योग्य वाटलं. अशा बोलण्याची किंमत सगळे सारखी देत नाहीत.

मी आईला फोन केला. तिकडे सकाळ होती, कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"कशाला गं उकरतीस त्या गोष्टी? आणि परक्या माणसांत सांगायच्या का असल्या?" मग थोड्या वेळाने, "तेव्हा सगळ्यांच्यातच तसं होतं."

"आई, तिचं नाव काय होतं?"

"काय की. आम्ही म्हातारीच म्हणायचो." आई थांबली. "सुईण होती ती. तुझ्या बाबांची नाळ तिनंच कापली. तुझ्या दोन्ही आत्यांची पण."

मी खाली बसले. जिच्या हातात माझे बाबा पहिल्यांदा रडले, तिच्या कपाला आमचं पातेलं लागू द्यायचं नव्हतं. हा हिशेब मला कुठल्याच नियमाने मांडता येईना.

तिचा नातू माझ्याच वर्गात होता, चौथीपर्यंत. त्याचा नंबर दादाकडून मिळवला. तो आता पुण्यात शिक्षक आहे. दोन दिवस मी फक्त निरोप लिहीत आणि पुसत राहिले. शेवटी एवढंच लिहिलं की, तुझ्या आजीचं नाव मला कधी माहीतच नव्हतं, ही माझी चूक आहे, सांगशील का? कप, चहा, सगळं लिहिलं. सबबी लिहिल्या नाहीत. तीन दिवस उत्तर नाही. मग त्याने नाव पाठवलं. फक्त नाव, पूर्ण, नवऱ्याच्या आणि वडिलांच्या नावासकट. त्याखाली आणखी एक ओळ: "तो कप मीपण बघितलाय." पुढे आमचं काही बोलणं झालं आहे, पण ते त्याचं आणि माझं आहे. नावही मी इथे लिहीत नाही, कारण ते गटात सांगायला त्याने हो म्हटलं, छापायचं मी विचारलेलं नाही.

पर्सचं मी फार्मव्हिलच्या बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "माफी मागायची तर लहान माग. त्या मुलीला तुझं रडणं सांभाळायला लावू नकोस. आणि आधी तुझ्या लेकीला विचार." मी लेकीला सगळं सांगितलं, कोनाड्यासकट. ती पहिल्यांदा काही बोलली नाही, मग माझ्याजवळ येऊन बसली. पुढच्या वेळी तिची मैत्रीण आली तेव्हा मी एका वाक्यात सांगितलं की त्या दिवशी मी पर्स उचलली ते चुकीचं होतं आणि मला त्याचं वाईट वाटतं. ती "ओके" म्हणाली आणि पुस्तक उघडलं.

सहाव्या गुरुवारी सगळ्यांनी एकेक गोष्ट गोलाच्या मध्ये ठेवायची होती. कुणी फोटो आणले होते, कुणी पत्रं. त्या निवृत्त गृहस्थांनी वडिलांची देणग्यांची वही आणली होती. ती त्यांनी गावातल्या संग्रहालयाला द्यायचं ठरवलं होतं. बार्बरा जॉन्स यांच्या शाळेच्या इमारतीतच ते संग्रहालय आहे. मी काही नेलं नव्हतं. मी नाव सांगितलं.

बाई पुढे वाकल्या आणि ते उच्चारायचा प्रयत्न केला. 'ळ' त्यांच्या जिभेवर येईना. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा म्हटलं, अजून चुकलं. "हळू सांग," त्या म्हणाल्या. "मला नीट यायला हवं." मग मी एकेक अक्षर सोडवून सांगत राहिले आणि त्या माझ्या ओठांकडे बघत एकेक अक्षर म्हणत राहिल्या.